चौथ्या पुस्तकात अडकलेले पारायण

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

“मी पस्तीस वर्षांची आहे. मुलुंडला राहते आणि वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करते. पार्ल्याच्या मराठी शाळेतल्या आम्हा चौदा वर्गमित्रांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. काही जण मुंबईत आहेत, एक जण कॅलिफोर्नियात आणि एक मेलबर्नला. हॅरी पॉटरची सातही पुस्तके पुन्हा एकत्र वाचायची, दरमहा एक, आणि रविवारी रात्री साडेनऊ वाजता व्हिडिओ कॉलवर बोलायचे, असे आम्ही जूनमध्ये ठरवले. तीन पुस्तके उत्तम झाली. सप्टेंबरमध्ये चौथे सुरू केले आणि चौदाव्या प्रकरणापाशी सगळे थांबले. आता कॉलवर चौघेच येतात. एक मित्र प्रत्येक प्रकरणात दोष काढतो. त्यावरून वाद झाला आणि एक मैत्रीण गट सोडून गेली. दुसरी मैत्रीण लेखिकेच्या जाहीर मतांमुळे आधीच बाहेर पडली होती. एकीची अकरा वर्षांची मुलगी आमच्याबरोबर प्रथमच वाचते आहे. तिच्यासमोर कोणीतरी पाचव्या पुस्तकातला मृत्यू सांगून टाकला. एक जण मराठी अनुवाद वाचतो, एक मैत्रीण लोकलमध्ये नुसते ऐकते, आणि ‘हे वाचन धरायचे का’ यावरही बोलणे झाले. खरे सांगायचे तर पहिले पुस्तक वाचताना मला स्वतःलाही काही विशेष वाटले नाही. २००५ साली आम्ही दहावीत होतो. २६ जुलैच्या पुरात आम्ही तिघी एका मैत्रिणीच्या घरी अडकलो होतो. वीज नव्हती, आणि मेणबत्तीच्या उजेडात सहावे पुस्तक आम्ही एकमेकींना वाचून दाखवले होते. भिजून फुगलेली ती प्रत अजून डोळ्यांसमोर आहे. ते दिवस परत मिळतील म्हणून मी हे सुरू केले होते. गट बंद करावा का?”
— गटप्रमुख, मुलुंड

प्रिय गटप्रमुख,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देते, म्हणजे पुढचे तुम्हाला निवांत वाचता येईल: गट बंद करू नका, वेळापत्रक मात्र आजच रद्द करा.

तुमचा गट कंटाळलेला नाही, असे मी म्हणते ते तुमची समजूत काढण्यासाठी नव्हे. सातही पुस्तके कपाटातून काढून शेजारी शेजारी उभी करून पाहा. ब्रिटिश आवृत्तीत पहिले पुस्तक २२३ पानांचे, दुसरे २५१ पानांचे आणि तिसरे ३१७ पानांचे आहे. म्हणजे जून, जुलै आणि ऑगस्ट मिळून तुम्ही ७९१ पाने वाचलीत. चौथे पुस्तक एकटेच ६३६ पानांचे आहे आणि पाचवे ७६६ पानांचे. जो सभासद ऑगस्टमध्ये रोज दहा पाने वाचून वेळेवर पोहोचत होता, त्याला सप्टेंबरमध्ये रोज एकवीस पाने वाचणे भाग पडले, आणि तेही नेमके सणांचे दिवस सुरू झाल्यावर. पहिल्या आठवड्यात मागे पडलेल्या माणसाला दुसऱ्या आठवड्याच्या कॉलवर यायची लाज वाटते, तिसऱ्या आठवड्यात तो सबब सांगतो आणि चौथ्या आठवड्यात सबबही सांगत नाही. गट सोडलेल्या त्या दोघी वगळता, कॉलवर न येणारे बाकीचे जण रुसलेले नसून मागे पडलेले आहेत, असा माझा अंदाज आहे. आणि मागे पडलेल्यांना परत बोलावण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे ज्या शर्यतीत ते मागे पडले ती शर्यतच मोडीत काढणे.

‘शाळेत असताना हेच पुस्तक दोन रात्रींत संपवले होते’ ही आठवण तुमच्यापैकी प्रत्येकाला असणार, आणि तीच येथे घात करते. तेव्हा पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते, आणि बहुधा एकच प्रत पाच घरांत फिरत असल्यामुळे दाराशी पुढची मैत्रीण उभी होती. आता शेवट ठाऊक आहे आणि प्रत्येकाकडे स्वतःची प्रत आहे. मग घाई कशासाठी?

शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा एकत्र बसून वाचण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. श्रावणात घरोघर श्रीधरांचा हरिविजय किंवा पांडवप्रताप लावला जात असे, तेव्हा कंसाचे पुढे काय होणार याची उत्कंठा कोणालाही नसे; तरीही शेजारच्या बायका हातातले काम उरकून वेळेवर येऊन बसत, एकीने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे. गुरुचरित्राच्या सप्ताहाची वाटणी तुमच्या घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. दुसऱ्या दिवशी दहाहून अधिक अध्याय असतात आणि पाचव्या दिवशी केवळ तीन, कारण सगळे अध्याय सारख्या लांबीचे नाहीत. ज्यांनी ही वाटणी लावली त्यांना दर दिवसाला समान अध्याय देणे म्हणजे समान श्रम देणे नव्हे, हे पक्के कळले होते. (मी पावित्र्याची तुलना करत नाही, हे रागावू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, तुलना वाचण्याच्या पद्धतीची आहे.)

तेव्हा पुस्तकांवर मोजणे सोडून प्रकरणांवर मोजा. चौथ्या पुस्तकात ३७ प्रकरणे आहेत, त्यांपैकी चौदा झाली, म्हणजे तेवीस उरली. पाचव्यात ३८ आहेत. एकूण ६१. आठवड्याला दोन प्रकरणे धरली, तर एकतीस आठवडे लागतील. नोव्हेंबरच्या मध्यापासून १६ जुलैपर्यंत जवळजवळ पस्तीस आठवडे मिळतात, म्हणजे मार्चअखेरच्या हिशेबांसाठी, मुलांच्या परीक्षांसाठी आणि कोणाच्या तरी लग्नासाठी चार आठवडे हाताशी राहतात. मी १६ जुलै ही तारीख का निवडली, हे तुमच्या लक्षात आले असेलच. सहावे पुस्तक २००५ साली त्याच तारखेला प्रसिद्ध झाले होते. त्याविषयी शेवटी लिहिते.

वेळेचाही प्रश्न आहे. रविवारी रात्री साडेनऊ वाजता तुम्ही कॉल सुरू करता, तेव्हा मेलबर्नच्या घड्याळात ऋतूप्रमाणे पहाटेचे दोन किंवा तीन वाजलेले असतात. तुमची मेलबर्नची मैत्रीण किंवा मित्र किती कॉलना हजर होता, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला विचारायचीही गरज वाटत नाही. हाच कॉल रविवारी सकाळी साडेआठला ठेवला, तर मेलबर्नमध्ये दुपारचा एक किंवा दोन वाजलेला असेल आणि कॅलिफोर्नियात शनिवार संध्याकाळचे सात किंवा आठ. मुंबईकरांना पोहे खाता खाता बोलता येईल. रविवारी मेगाब्लॉक असल्यामुळे इतक्या लवकर घराबाहेर पडण्याचा उत्साह तसाही कोणाला नसतो. सोमवारची धास्तीही तेव्हा डोक्यावर बसलेली नसते.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही ‘खरे सांगायचे तर’ असे म्हणून अर्धवट सोडले आहे. पहिले पुस्तक वाचताना काही वाटले नाही, याची तुम्हाला अपराध्यासारखी भावना झालेली दिसते. ते पुस्तक अकरा वर्षांच्या मुलाविषयी आणि साधारण त्याच वयाच्या वाचकासाठी लिहिलेले आहे. पस्तिशीत त्याची वाक्ये तोकडी वाटणे हा तुमच्या मनाचा कोरडेपणा नाही. ही मालिका नायकाबरोबर वयाने वाढत जाते, आणि तुम्ही नेमक्या त्या ठिकाणी थांबला आहात जिथून ती मोठ्या माणसांची होऊ लागते. शिवाय पहिल्या वाचनात तुम्ही हॅरीच्या डोळ्यांनी वाचत होता. आता तो आग्रह सोडा. सातव्या पुस्तकात लिली आणि जेम्स पॉटर यांच्या थडग्यावर कोरलेल्या तारखा आठवा: दोघांचाही जन्म १९६० सालचा आणि मृत्यू ३१ ऑक्टोबर १९८१ चा. दहावीत असताना तुमच्या लेखी ते कोणाचे तरी आईवडील होते, म्हणजे वयाने मोठेच. प्रत्यक्षात ते एकवीस वर्षांचे होते. आज तुम्ही त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या आहात. तिसऱ्या पुस्तकात फाटका झगा घालून शिकवायला येणारा ल्युपिन तुम्हाला तेव्हा म्हातारा वाटला असेल. तो तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांचा आहे, म्हणजे तुमच्या गटातल्या कोणाहीपेक्षा मोठा नाही. नोकरी टिकत नाही, आजार लपवावा लागतो आणि बरोबरीचे मित्र एकेक करून गेलेले आहेत, असा आपल्या वयाचा माणूस म्हणून त्याच्याकडे पाहा. मी स्वतः ही पुस्तके दुसऱ्यांदा वाचली ती चाळिशीत, आणि जादूच्या एकाही प्रसंगाने मला हलवले नाही. हॅरीचा मित्र रॉन याची आई मिसेस वीझली मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या खरेदीसाठी पैसे मोजते, तिथे मात्र मी थांबले होते.

पुनर्वाचनाचा दुसरा आनंद शोधाशोधीचा आहे, आणि त्यासाठी एकाहून अधिक डोळे लागतात, म्हणूनच गट उपयोगी पडतो. (ज्यांनी ही पुस्तके वाचलेली नाहीत, त्यांनी एवढा परिच्छेद सोडून पुढे जावे.) पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हॅग्रिड ज्या उडत्या मोटारसायकलवरून येतो ती सिरियस ब्लॅकने दिलेली आहे, असे तो सहज बोलून जातो, हे नाव आपल्याला खऱ्या अर्थाने भेटते ते तिसऱ्या पुस्तकात. हॅरीच्या शेजारची मांजरवेडी मिसेस फिग पहिल्या पुस्तकात निव्वळ कंटाळवाणी म्हातारी आहे, आणि ती कोण आहे हे कळायला पाचवे पुस्तक उघडावे लागते. त्याच पाचव्या पुस्तकात घराची साफसफाई करताना एक जड लॉकेट सापडते, ते कोणालाच उघडता येत नाही, आणि वाक्य पुढे निघून जाते. त्याचे मोल सातव्यात कळते. दर आठवड्याला एका सभासदाकडे एवढेच काम द्या, की त्या दोन प्रकरणांत पुढे उगवणारे बी कुठे पेरले आहे ते दाखवायचे. ज्याला वाचायला वेळ मिळाला नसेल, त्यालाही हे ऐकण्यासाठी यावेसे वाटेल.

दोष काढणाऱ्या मित्राविषयी तुम्ही वैतागून लिहिले आहे, आणि तुम्हाला कदाचित आवडणार नाही, तरी मी त्याची बाजू थोडी घेणार आहे. तुम्ही चौदाव्या प्रकरणापाशी अडलात, म्हणजे वाद कशावरून झाला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. बाराव्या प्रकरणात हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिला कळते की शाळेचा सारा स्वयंपाक घरगडी एल्फ, म्हणजे जादूगारांकडे राबणारे बुटके जीव, बिनपगारी करतात. चौदाव्याच्या शेवटी ती त्यांच्या हक्कांसाठी संघटना काढते आणि तिचे जवळचे मित्रच तिची टर उडवतात. तेराव्या वर्षी आपण सगळे रॉनबरोबर हसलो होतो. पस्तिशीत एखाद्याला ते हसू खटकले, तर त्याने पुस्तकाचा अपमान केला असे होत नाही. तो ते पहिल्यांदाच नीट वाचतो आहे, असेही म्हणता येईल. असाच दुसरा प्रसंग तुमच्या वाटेवर पुढे उभा आहे. पार्वती आणि पद्मा पाटील! पार्ल्याच्या वर्गात ही नावे सापडली तेव्हा केवढा गिल्ला झाला असेल, याची कल्पना मी करू शकते. हॉगवर्ट्समध्ये, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेत, पाटील आहेत, एवढ्यावर आपण खूश होतो. पहिल्या पुस्तकात नेव्हिलची थट्टा चालली असता मॅल्फॉयला गप्प बस म्हणणारी मुलगी पार्वतीच आहे, हे बहुतेकांच्या स्मरणातही नसते. चौथ्या पुस्तकाच्या तेविसाव्या प्रकरणात, नाताळच्या नृत्यसमारंभात, हॅरी आणि रॉन या दोघी बहिणींना जोडीदार म्हणून घेऊन जातात आणि मग त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पूर्वी हे विनोदी वाटले होते. आता दोन पाटलिणी नटूनथटून खुर्चीवर ताटकळत बसल्या आहेत, हे दिसेल. तुमच्या मित्राला हे प्रकरण आधीच सोपवा आणि सांगा, की त्या रात्रीची हकिकत त्याने पार्वतीच्या बाजूने सांगावी. दोष काढण्याची सवय असलेल्या माणसाला काहीतरी उभे करण्याचे काम दिले, की त्याची धार तीच राहते, पण ती कोणाच्या अंगावर येत नाही.

मात्र त्याला एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे तुमचे काम आहे: पुस्तकावर हवी तेवढी टीका करावी, पण ‘तुला हे अजून आवडते कसे’ असा प्रश्न कोणालाही विचारू नये. तुमची मैत्रीण गट सोडून गेली ती एल्फांमुळे नव्हे. तिच्या लहानपणाची कोणीतरी खिल्ली उडवली असे तिला वाटले म्हणून गेली असावी. तिला गटात पुन्हा समाविष्ट करून ‘वेलकम बॅक’ लिहिण्याचा मोह आवरा. फोन करा, आणि पहिल्या फोनमध्ये पुस्तकाचा विषयही काढू नका.

आणखी एका भांडणाची पूर्वसूचना देऊन ठेवते, कारण ते हमखास होणार आहे. चौथ्या पुस्तकाच्या चौतिसाव्या प्रकरणात खलनायक व्होल्डेमॉर्टच्या छडीतून त्याने मारलेल्यांच्या सावल्या उलट्या क्रमाने बाहेर येतात. सुरुवातीच्या छपाईत या क्रमात चूक होती. हॅरीचे वडील आधी आणि आई नंतर बाहेर येत होती, आणि नंतरच्या छपाईत ती दुरुस्त करण्यात आली. तुमच्यापैकी कोणाकडे जुनी प्रत असेल, कोणाकडे नवी, आणि दोघेही पानाचा फोटो टाकून स्वतःचे म्हणणे सिद्ध करतील. दोघेही बरोबर असतील.

अकरा वर्षांच्या मुलीविषयी मला सर्वांत जास्त वाईट वाटले. तुमच्या चौदा जणांपैकी कोणालाही जे पुन्हा कधीही मिळणार नाही, ते तिच्या हातात होते, आणि त्यातला एक तुकडा तुमच्यापैकी कोणीतरी निष्काळजीपणाने फोडला. ज्याने तो स्पॉयलर दिला त्याने तिची, म्हणजे तिच्या आईची नव्हे, तिची, क्षमा मागावी. यापुढे मुख्य गटात त्या आठवड्याच्या प्रकरणांपलीकडचा एकही शब्द येणार नाही असा नियम करा, आणि पुढचे-मागचे जोडून बोलण्यासाठी, म्हणजे वर सांगितलेल्या शोधाशोधीसाठीही, केवळ जुन्या वाचकांचा दुसरा छोटा गट काढा. रविवारचे पहिले वीस मिनिटांचे बोलणे तिच्यासाठी राखून ठेवा: तिने सांगायचे की पुढे काय होईल असे तिला वाटते, आणि तुम्ही सर्वांनी चेहऱ्यावरची रेषाही न हलवता ऐकायचे. तिचा एखादा तर्क इतका भन्नाट निघेल की खुद्द पुस्तकातले उत्तर त्यापुढे फिके वाटेल. त्यानंतर ती उठून गेली, की तुम्ही मोकळे.

लेखिकेच्या मतांमुळे बाहेर पडलेल्या मैत्रिणीशी वाद घालू नका. पारलिंगी व्यक्तींविषयी रोलिंग यांनी २०२० साली आणि त्यानंतर जाहीरपणे जे लिहिले, त्यामुळे जगभरच्या पुष्कळ वाचकांना ही पुस्तके हातात घेणे अवघड झाले आहे, आणि तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो. तिला पटवू नका, आणि जे वाचत राहिले आहेत त्यांच्याकडूनही खुलासा मागू नका. तुमची मैत्री या वाचनाहून जुनी आहे. तिला एखाद्या दुपारी जेवायला बोलवा.

अनुवाद वाचणाऱ्या मित्राला गटात चिडवले जात असेल, तर ते ताबडतोब थांबवा, कारण त्याच्या हातात तुमच्या कोणाकडेही नसलेली वस्तू आहे. पहिल्या पुस्तकाचे मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. परीस म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लोखंडाचे सोने होते, आणि पुस्तकातला दगडही सोने करतो; पण गोष्टीतला खलनायक सोन्यासाठी आलेलाच नाही, त्याला त्या दगडातून निघणारे अमृत हवे आहे, आणि आपल्या परिसात अमृत नसते. एका शब्दाच्या निवडीमुळे मराठी वाचकाची अपेक्षा एका दिशेला जाते आणि गोष्ट दुसऱ्या दिशेला वळते. यावर तुमचा एक संपूर्ण रविवार सहज जाईल. ऐकणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न तर प्रश्नच नाही. पोथी ऐकायला येणाऱ्या बायकांना ‘तुम्ही वाचली नाहीत, ऐकलीत’ असे कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही. आणि संध्याकाळी सव्वासहाच्या लोकलमध्ये ७६६ पानांचे पुस्तक उघडून दाखवणाऱ्यानेच तिला नावे ठेवावीत.

आता तो जुलै. तुम्ही लिहिता की ते दिवस परत मिळतील म्हणून गट सुरू केला. पण ही गोष्ट तुम्ही मला लिहिली, गटाला सांगितलेली दिसत नाही. इतर अकरा जणांना वाटते की आपण सात पुस्तके संपवत आहोत, आणि तुम्ही मात्र एका पुस्तकाची वाट पाहत आहात. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या चौदापैकी प्रत्येक जण कुठेतरी अडकलेला होता. कोणी शाळेत रात्र काढली असेल, कोणाचे वडील दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत घरी पोहोचले असतील. या हकिकती एकमेकांना कधी नीट सांगितल्या आहेत का, ते विचारा. ती रात्र तुमच्या तिघींची आहे, पण तो पूर सगळ्यांचा आहे.

सहावे पुस्तक १६ जुलैला उघडा आणि २६ जुलैच्या रात्री, त्या एकाच दिवशी नेहमीचा सकाळचा नियम मोडून, कॉल ठेवा. त्या तिघींपैकी कोणाकडे ती फुगलेली प्रत अजून असेल, तर तिनेच पहिले प्रकरण मोठ्याने वाचावे आणि इतरांनी पुस्तके मिटून ऐकावे. आणि गट सोडून गेलेली मैत्रीण त्या तिघींपैकीच एक असेल, अशी मला शंका आहे, तर फोन जुलैची वाट न पाहता याच आठवड्यात करा. सहाव्या पुस्तकाच्या त्या पहिल्या प्रकरणात इंग्लंडवर भर जुलैत थंडगार धुके पसरलेले आहे आणि ते का पसरले आहे हे तिथल्या माणसांना कळत नाही. पाने चिकटलेली असतील, तेव्हा ती सोडवायला थोडा वेळ हाताशी ठेवा.